लिंबाजी मापाड्याचे दोन डबे

लिंबाजीमामांकडे दोन डबे होते. दोन्ही पत्र्याचे, मूळचे गोडेतेलाचे, वर झाकण बसवून घेतलेले. एकावर तांबड्या रंगात 'आजारी' असं लिहिलेलं होतं आणि दुसऱ्यावर हिरव्या रंगात 'धडधाकट'. इथवर सगळं ठीक आहे. पण मामांचा नियम असा, की आजारी माणसाला द्यायचं ते 'धडधाकट' डब्यातलं आणि धडधाकट माणसाला द्यायचं ते 'आजारी' डब्यातलं. हा नियम त्यांनी एकदाही मोडलेला मी पाहिला नाही. कारण विचारलं की ते म्हणत, "तसंच असतंय," आणि विषय तिथंच संपायचा.

मी बदली होऊन हिंगोलीत आलो तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती. प्राथमिक शाळेतला मास्तर मी, नुकतंच लग्न झालेलं, सामान पोत्यात आणि पोती दारात. पहिल्याच सकाळी धोतर, बंडी आणि पांढरी टोपी घातलेला एक उंच म्हातारा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. शेजारचाच होता.

"नवे दिसता. तब्येत कशी हाय?"

"चांगली आहे."

"खोकला? पोट? कंबर? काई तकलीफ?"

"काहीच नाही हो."

"मंग आजाऱ्याच्या डब्यातलं आणतो," असं म्हणून ते गेले आणि दोन वाट्या घेऊन परत आले. एक माझ्या हातात दिली आणि दुसरी घेऊन माझ्याच न सोडलेल्या पोत्यावर बसले.

वाटीत जे होतं त्याला मामा 'खुराक' म्हणत. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मूग वेगवेगळे खमंग भाजायचे, जाडसर भरडायचे, त्यात सुंठ, जिरं आणि चिमूटभर हळद घालायची. सकाळी त्यातलं मूठभर पाण्यात शिजवायचं. गोड हवं तर गूळ-दूध, खारं हवं तर मीठ-ताक. रंग सारवलेल्या भिंतीचा. चव वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. खरं तर चव असण्याच्या भानगडीतच तो पदार्थ पडलेला नव्हता. पण दुपारपर्यंत भूक लागली नाही हे मला कबूल करावं लागलं, आणि ते कबूल केलं ही माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मामा पुन्हा हजर.

मामा मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्याच्या बाजारात, तीस वर्षं मापाडी होते. काट्यावर धान्य घालायचं आणि माप मोजायचं, हे त्यांचं काम. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला तो 'बरकत' म्हणतो, मग दोन, तीन, चार. रास कमी पडू नये म्हणून ही रीत. मामा निवृत्त झाले तरी त्यांच्या तोंडातून 'एक' निघत नसे. जिन्याच्या पायऱ्या ते बरकत, दोन, तीन अशा चढत. खुराकाचे चमचेही तसेच मोजत. "तीस वर्सांत माप चुकलं न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि मोंढ्यातले व्यापारीसुद्धा त्याला मान डोलावत.

धान्य पारखायची सवय माणसांवर यायला कितीसा वेळ लागतो? मामा कुणाचाही गाल दोन बोटांत धरून दाबून बघत. सर्दी झालेल्याला म्हणत, "ओल हाय. उन्हात बसवा." एखादं लेकरू किरकोळ असलं की म्हणत, "दाणा भरला न्हाई." आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "चाळणी मारली तर निम्मा माणूस बी उरायचा न्हाई. काडीकचराच लई." या निदानाशी मी पूर्ण सहमत होतो, पण मला त्यांच्या हाताखाली नोकरी करायची होती.

डब्यांच्या उलट्या नियमानं काय काय घडलं ते सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. एकच लग्न सांगतो. आमच्या गल्लीतल्या मुलाचं लग्न होतं. नवरदेव सकाळपासून उपाशी, म्हणून मामा मांडवात डबे घेऊन गेले. नवरदेव ठणठणीत, तेव्हा नियमाप्रमाणे तांबडा डबा उघडला. मुलीच्या मामाची नजर नेमकी त्या अक्षरांवर गेली. "नवरदेव आजारी हाय?" असं तो ओरडला आणि वाजंत्री थांबली. लिंबाजीमामा जीव तोडून सांगू लागले, "आवो, धडधाकट हाय, मनून तर आजाऱ्याचं देऊन राहिलो!" त्यानं संशय वाढलाच. शेवटी नवरदेवाला मुंडावळ्यांसकट मांडवाभोवती दोन चकरा पळायला लावलं. पोरगं दम न लागता पळालं तेव्हा कुठं अक्षता पडल्या. तोवर मुलीच्या मामाचा रक्तदाब वाढून त्याला खुर्चीवर बसवलं होतं. लिंबाजीमामा त्याच्यासमोर गेले आणि शांतपणे हिरवा डबा उघडला. "आता तुमी याच्यातलं घ्या," म्हणाले.

पुढं हिंगोलीचा जिल्हा झाला. गावभर पेढे वाटले जात होते, फटाके फुटत होते. मामा मात्र सकाळीच पातेलंभर खुराक घेऊन एका सरकारी कचेरीच्या दारात उभे. शिपाई म्हणाला, "बाबा, आज पेढ्याचा दिवस हाय." मामा म्हणाले, "जिल्हा नवा हाय. बाळंतपणातून आत्ताच उठला. त्याला पेढे पचत न्हाईत." आता जिल्हा आजारी धरायचा की धडधाकट, याचा मात्र त्यांना निर्णय करता येईना. म्हणून त्यांनी दोन्ही डब्यांतलं निम्मं निम्मं घातलं होतं. शिपायानं खाल्लं. एका साहेबानंही खाल्लं म्हणे, पण ते मी पाहिलेलं नाही.

लोक हसायचे. मीही हसायचो, आणि मामांच्या पाठीमागं त्यांची नक्कलही करायचो. एक गोष्ट मात्र मी रोज बघत होतो आणि तिच्याकडं माझं लक्ष नव्हतं. मामा सकाळी घरातून निघत ते दोन वाट्या घेऊन. कधी एक नाही, कधी तीन नाहीत. गल्लीत कोण आजारी आहे, कोण नाही, याची चौकशी करत ते एक घर गाठत, समोर बसत आणि समोरच्याबरोबर आपली वाटी संपवत.

जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझे वडील आजारी पडले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा जवळा बाजारजवळच्या आमच्या खेड्यात शेती करत. सत्तरी ओलांडली तरी आपण आयुष्यात कधी आजारी पडलो नाही हा त्यांचा दावा होता, आणि टायफॉईड झाला तरी तो त्यांनी मागं घेतला नाही. मी त्यांना हिंगोलीला आणलं. औषधानं ताप उतरला, पण आबांनी खाणं सोडलं.

पेज दिली की म्हणत, "हे आजाऱ्याचं खाणं. मी काय आजारी हाय? भाकर आणा." भाकरी दिली की तिच्या वासानंच तोंड फिरवत. माझी बायको सुनंदा मुगाचं कढण करून दमली. पाच दिवस नुसत्या चहावर गेले. डॉक्टर म्हणाले, "ताप गेलाय, पण पोटात अन्न गेलं नाही तर म्हातारा हातचा जाईल. उद्या बघू, नाहीतर नांदेडला न्या." त्या दुपारी आबांच्या मनगटातलं चांदीचं कडं आपोआप गळून खाली पडलं. तीस-चाळीस वर्षं ते साबण लावूनसुद्धा निघत नव्हतं. मी ते उचलून खिशात ठेवलं. मी घाबरलो होतो, अगदी लहान मुलासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. दोन काखांत दोन डबे. आमच्याच चुलीवर त्यांनी दोन वाट्या शिजवल्या आणि आबांच्या बाजेसमोर जमिनीवर बसले.

आबांनी एक डोळा उघडला. "कोन हाय?"

"लिंबाजी. मोंढ्यातला मापाडी."

आबांचं तोंड कडू झालं. शेतकरी आणि मापाडी यांचं कधी जमलंय? "सारी जिंदगी तुमच्या काट्यापाशी उभं राहून गेली," आबा म्हणाले. "डोळा लवला की तुमी माप खाता."

"खात असतील कुनी," मामा म्हणाले. त्यांनी एक वाटी आबांच्या उशाशी ठेवली. "हे तुमचं. धडधाकटाच्या डब्यातलं. बघा, लिवलंय. आन हे माझं, आजाऱ्याचं."

"तुमाला काय झालंय?"

"लई दिवसांचं हाय," मामा म्हणाले.

आबांनी डोळे मिटून घेतले. वाटीला हात लावला नाही. मामांनी आग्रह केला नाही. ते आपल्या वाटीतून खाऊ लागले आणि मोंढ्यातल्या त्या जुन्या लांब सुरात मोजू लागले. "बरकतऽ." एक चमचा तोंडात. "दोनऽ." दुसरा चमचा. मग जरा थांबून, "चारऽ."

बाज करकरली. पाच दिवस कूस न बदललेले आबा कोपरावर उठले होते. "ए मापाड्या!" त्यांचा आवाज गल्लीत गेला असेल. "तीन कुठं हाय? तीन कुठं गे..."

तोंड उघडं होतं तेवढ्यात मामांनी हिरव्या डब्याच्या वाटीतला चमचा आत सारला. "हा तीन. तुमच्या पदरात घातला."

आबांनी रागानं डोळे वटारले. पण अन्न थुंकायचं नाही ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी चावलं, गिळलं, आणि म्हणाले, "फुडं मोज. बराबर मोज. मी बघून राहिलो."

"पाचऽ. सहाऽ. आठऽ."

"सात! सात कुठं हाय, लबाडा?"

सात आबांच्या पोटात गेला. दहा गेला. तेरा गेला. वाटी संपली तेव्हा आबा घामाघूम झाले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता. उभ्या जन्मात त्यांनी मापाड्याला रंगेहाथ पकडलं नव्हतं, आणि आज एका बैठकीत पाच-सहा वेळा पकडलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि सुनंदासमोर हमसून रडलो. ती हसत होती आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

मामांना पोचवायला दारापर्यंत गेलो. पाहतो तर त्यांचा चेहरा उतरलेला. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तीस वर्सांत माप चुकलं न्हाई, गुरुजी. आज जानून चुकवलं." मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "ओल आली व्हय तुमाला," म्हणून त्यांनी माझा गाल दाबला आणि निघून गेले.

दहा-बारा दिवस हे भांडण रोज सकाळी रंगलं. आबा पहाटेपासून उठून बसायचे, 'तो चोर आला का' म्हणून विचारायचे. बरे होऊन गावी निघाले तेव्हा एसटीत बसताना मला बजावून गेले, "त्या मापाड्यावर नजर ठेव. मोजण्यात कच्चा हाय. पण मानूस चांगला हाय."

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सुनंदा मामांना भरड करायला मदत करायला गेली आणि एक बातमी घेऊन आली. मामांनी तिच्यासमोर एकाच परातीतलं पीठ दोन्ही डब्यांत भरलं होतं. एक ओंजळ तांबड्यात, एक ओंजळ हिरव्यात. दोन्ही डब्यांत एकच माल!

मला मास्तरांचा हलका आनंद झाला, उत्तरपत्रिकेत कॉपी सापडल्यावर होतो तो. मी तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. "मामा, पकडलं तुम्हाला. दोन्ही डब्यांत एकच आहे."

मामा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही झाकणं घट्ट लावली, त्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "बसा."

मामांची बायको पारूबाई आम्ही यायच्या आधीच गेली होती. मुलगी सुमन सेनगावकडं दिलेली. एवढंच मला माहीत होतं.

"पारू दोन वर्सं अंथरुनाला व्हती," मामा म्हणाले. "पोटाचं दुखनं. तिला पातळ करून द्यायचो आन मी बाजूला बसून भाकर खायचो. एक दिवस वाटी सारली तिनं. मनली, 'माझं खानं येगळं झालं. आता मी या घरातली न्हाई राहिले.' मंग खाईचना. आता काय करावं? मी दोन डबे आनले, रंगवून घेतले. तिला मनलं, आजारी मी हाय. तू धडधाकट. तू तुझ्या डब्यातलं खा, मी माझ्या डब्यातलं खातो. आन समोर बसून खाल्लं."

"आणि त्यांना पटलं?"

"पटतंय कशाचं!" मामा हसले. "खुराक तिनंच मला शिकवलेला. एका परातीतून दोन डबे भरताना पडल्या पडल्या बघायची ती. पन बोलली न्हाई. खायला लागली. खाऊन झालं की रोज मला इचारायची, 'आज कसं वाटून राहिलं तुमाला?' शेवटच्या दिवसापर्यंत इचारलं."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"बरं हाय मनायचो. दुसरं काय मनू?"

खोलीत एकच चूल, एकच घडवंची आणि दोन वाट्या होत्या. मामा डब्यांवरचा हात न काढता म्हणाले, "ती गेली आन डबे राहिले. एकट्याच्यानं गिळवत न्हाई, गुरुजी. समोर कुनीतरी लागतंय."

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, हा माणूस गावाला खाऊ घालत फिरतो. गावच त्याला रोज सकाळी जेवू घालत होतं, आणि आम्हाला त्याची कल्पना नव्हती. त्या दिवसानंतर मी त्यांची नक्कल केली नाही. लाज वाटली.

काही वर्षांनी माझी बदली वारंगा फाट्याकडच्या एका गावी झाली. घर हललं. येणंजाणं कमी झालं, सणासुदीला फक्त. एक दिवस शाळेच्या शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. सुमन बोलत होती. "काका, बाबा पडून हायेत. न्यूमोनिया झालता, आता बरा हाय. पन चार दिवस झाले, काईच खाईनात. तुमचं नाव घेऊन राहिले." मी मिळाली ती एसटी पकडली.

मामा भिंतीकडं तोंड करून निजले होते. धोतरात माणूस आहे की नाही असा प्रश्न पडावा, इतके वाळले होते. उशाशी स्टीलच्या ताटलीत सुमननं केलेला मऊ भात तसाच होता. आपलं ताट तिनं पलीकडं स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मांडलं होतं. तिची तरी काय चूक? आजाऱ्याचं आणि घरच्यांचं ताट सगळीकडं वेगळंच असतं.

मी फळीवरून दोन्ही डबे खाली काढले. रंग उडाला होता, पण अक्षरं वाचता येत होती. तळाशी थोडा थोडा खुराक होता.

"काका, दोन्हींत एकच हाय ते," सुमन म्हणाली.

"न्हाई," मी म्हणालो. "येगळं हाय."

दोन वाट्या शिजवल्या. हिरव्या डब्यातली मामांच्या समोर ठेवली, तांबड्या डब्यातली घेऊन खाली बसलो. मामा भिंतीकडंच बघत होते.

"मामा, माझी तब्येत जरा बरी नाही. मी माझ्यातलं खातो. तुमी तुमचं खा."

मी चमचा भरला. मला तो सूर जमत नव्हता, तरी लावला. "बरकतऽ. दोनऽ. चारऽ."

काहीच हाललं नाही. सुमन पदर तोंडाशी धरून उभी होती. मी पुढं गेलो. "सहाऽ." हा माणूस आता भिंतीकडंच तोंड करून राहणार, असं मला वाटून गेलं. "नऊऽ."

"गुरुजी," भिंतीकडून आवाज आला, "शाळेत पोरांना हेच शिकवता का?"

"काहून? बराबर मोजून राहिलो."

मामा सावकाश कुशीवर वळले. "तीन राहिला. पाच राहिला. सात, आठ राहिले. आवो, असं माप मोंढ्यात घातलं असतं तर मारलं असतं लोकांनी."

"राहिलेले तुमचे आहेत. घ्या पदरात."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग दोन्ही डब्यांकडं. हा डाव कुणाचा हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं. मी तीन दिला. पाच दिला. सात आणि आठ दिला. सुमनला खूण केली तशी तिनं कोपऱ्यातलं आपलं ताट तिथंच ठेवलं, एक वाटी घेऊन आमच्याजवळ येऊन बसली आणि माझ्या वाटीतलं, तांबड्या डब्यातलं, थोडं वाढून घेतलं.

वाटी संपायला अर्धा तास लागला. मामांनी हाताच्या पाठीनं तोंड पुसलं, दोन बोटं पुढं करून माझा गाल दाबून पाहिला आणि विचारलं, "आज कसं वाटून राहिलं तुमाला?"

"बरं हाय," मी म्हणालो, आणि आजाऱ्याच्या वाटीतले आणखी दोन चमचे खाल्ले.